नवीन नोटांवरच्या चित्रांचा अर्थ काय, आणि गल्ल्यावर खरी नोट कशी ओळखायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: 2016 नंतरच्या नोटांच्या मागची चित्रं कशासाठी आहेत, आणि गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत नोट हातात आली की चित्र बघून खरी-खोटी कळते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही कळत. नकली नोटवाल्याला 500 च्या मागचा लाल किल्ला बऱ्यापैकी जमतो. त्याची फजिती होते ती पुढच्या बाजूला.

चित्रांचं सूत्र सोपं आहे, देशाचा वारसा. 10 वर कोणार्कचं सूर्यमंदिर, 20 वर वेरूळ, 50 वर हंपीचा दगडी रथ, 100 वर गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव, 200 वर सांचीचा स्तूप, 500 वर तिरंग्यासह लाल किल्ला. ही सहाही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. 2000 च्या नोटेवर मात्र मंगळयान होतं. ती नोट मे 2023 मध्ये चलनातून मागे घेतली, पण कायदेशीर मूल्य गेलेलं नाही. हंपीचा रथ विठ्ठल मंदिराच्या आवारातला आहे आणि मुळात ते गरुडाचं देऊळ आहे, म्हणजे पन्नासच्या नोटेमागे एका अर्थी विठोबाचंच अंगण आहे. जुन्या 20 च्या नोटेवरचे माड बघून आपल्याकडे कुणालाही गोवा आठवावा, पण ते दृश्य अंदमानचं. जुन्या गोव्यातली चर्चेस हंपीसोबतच, 1986 साली, जागतिक वारशात गेली, पण नोटेवर अजून आलेली नाहीत.

तरी गोवा नोटेवर आहे. मागच्या बाजूला डावीकडे भाषांची पट्टी असते, तिच्यात पंधरा भाषा. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचा, म्हणून कोंकणी सहावी आणि मराठी आठवी. शंभरच्या नोटेवर कोंकणीत ‘शंबर रुपया’ आणि दोन ओळी खाली मराठीत ‘शंभर रुपये’ वाचायला मिळतं. 2000 ची नोट नवी होती तेव्हा ‘दोन हजार रुपया’ ही छपाईतली चूक म्हणून फोटो फिरले होते. ती चूक नव्हती, ती कोंकणी होती. गोव्यात हे कुणाला समजवावं लागू नये, पण लागतं.

आता गल्ल्याचं. 500 ची नोट धरून सांगतो, कारण तपासायची वेळ येते ती बहुतेक तिच्यावरच.

आधी तिरकी करा. उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह 500 हा आकडा आहे, तो हिरव्याचा निळा झाला पाहिजे. मधला धागाही तसाच रंग बदलतो, त्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’ची इंग्रजी अक्षरं असतात. नकली नोटेत चकचकीत हिरवी पट्टी चिकटवलेली किंवा रंगवलेली असते. ती चमकते, पण निळी होत नाही. हे एवढं दोन सेकंदांत होतं आणि गिऱ्हाइकाला अपमानही वाटत नाही. आकड्याची ही शाई 200 आणि 500 लाच आहे. 100 ला फक्त धागा रंग बदलतो, आणि 50, 20, 10 च्या धाग्याकडून तर ती अपेक्षाच ठेवू नका.

मग अंगठा फिरवा. दोन्ही कडांना पाच तिरप्या रेषा आणि उजवीकडे गोल खूण, दोन्ही हाताला उंच लागतात. 200 ला चार रेषा, त्यांच्यामध्ये दोन वर्तुळं, आणि इंग्रजी एचच्या आकाराची खूण. 100 ला चार रेषा आणि त्रिकोण. हे दृष्टिहीनांसाठी केलेलं आहे, पण तुमच्याही कामाचं आहे. धातूच्या पाटीत कोरलेल्या रेषांत शाई भरून प्रचंड दाबाने ती कागदावर उठवलेली असते, साध्या प्रिंटरला तो उठाव येत नाही. अडचण एकच, वापरून मऊ पडलेल्या नोटेचा उठाव झिजतो. म्हणून जुनी नोट गुळगुळीत लागली एवढ्यावरून परत करू नका.

शंका राहिली तर उजेडासमोर धरा. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि 500 आकडा दिसतो. हे जलचिन्ह कागद बनतानाच त्याच्या जाडी-पातळपणातून तयार होतं, म्हणून नोट टेबलावर सपाट ठेवली की ते जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. सपाट ठेवूनही चेहरा ठळक दिसतो तिथे तो छापलेला आहे असं समजा. डावीकडे एक आकडा अर्धा पुढे, अर्धा मागे छापलेला असतो आणि उजेडात तो जुळून पूर्ण होतो. खऱ्या नोटेत दोन्ही बाजू यंत्रातून एकदमच छापल्या जातात. नकलीत आधी एक, मग दुसरी, त्यामुळे अर्धा-एक मिलिमीटर सरकतेच.

काही फसव्या कसोट्याही आहेत. निळ्या दिव्याच्या यंत्राखाली साधा कागद पांढरट-निळा चकाकतो, नोटेचा सुती कागद काळपट राहतो, हे खरं. पण पँटच्या खिशातून धुलाईत गेलेली नोटही चकाकते, कारण साबणाच्या पावडरीतलं उजळपणा आणणारं रसायन तिला चिकटतं. पांढऱ्या कापडावर कोरी नोट घासून रंग आला तर ती खोटी, हेही चुकीचं, उठावाच्या शाईचा थोडा रंग येऊ शकतो. आणि हिरवी पट्टी गांधीजींच्या जवळ असेल तर नोट नकली हा मेसेज तर साफ थाप आहे, धाग्याची जागा नोटेगणिक थोडी मागेपुढे होते. क्रमांकात मधे चांदणी असलेली नोटही खरीच, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात ती गठ्ठ्यात घालतात. मासळी बाजारातली ओली नोट मिळाली तर पंख्याखाली वाळवा, इस्त्री फिरवू नका, धागा प्लॅस्टिकचा असतो.

नकलीपेक्षा जास्त नुकसान गोंधळात होतं. नवी 20 पिवळट हिरवी, 200 भडक पिवळी. जत्रेत खाज्याच्या दुकानावर पिवळ्या बल्बाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. 20 ची लांबी 129 मिलिमीटर, 200 ची 146, म्हणजे 200 जवळजवळ बोटाच्या रुंदीएवढी जास्त लांब. गल्ल्यात दोन्हींचे कप्पे शेजारी ठेवू नका. 100, 200 आणि 500 मध्ये मात्र लांबीवर विसंबू नका, 142, 146 आणि 150, फरक चार-चार मिलिमीटरचाच.

नोट नकलीच निघाली तर ‘दुसऱ्याला खपवू’ हा विचार सोडा, माहीत असून खपवणं गुन्हा आहे. बँकेत द्या. तिथे ती नकलीचा शिक्का मारून जप्त होते आणि पैसे परत मिळत नाहीत, पण पोच द्यावीच लागते, ती मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत नकली नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हा नोंदवला जातो, आणि त्या कुठून आल्या हे तुम्हाला विचारलं जाणार. म्हणून दिवसाचा मोठा गठ्ठा एकत्र भरण्याआधी 500 च्या नोटा एकदा तिरक्या करून बघाव्यात.