जुन्या बोलेरोला लाकडी गेअर नॉब: आधी लेथवाला, मग सुतार

भाऊ, तुमच्या बोलेरोचा नॉब उन्हानं चिकट झाला, हाताला काळं लागून राहिलं, गावातला सुतार म्हणते सागाचा करून देतो, भाचा म्हणते ऑनलाइन अर्ध्या किलोचा स्टीलचा मागवा, तर काय करू, असा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर लाकडाचाच करा, पण सुताराकडे नंतर जा, आधी लेथवाल्याकडे जा. कारण लाकडी नॉब बाहेरून खराब होत नाही, तो खराब होते आतून, जिथं लोखंडी लिव्हर आणि लाकूड एकमेकांना भेटते तिथं. बाहेरचा गोल आकार कोणीही काढून देते, आतलं काम कोणी नीट करत नाही.

आधी भाच्याचा मुद्दा निकालात काढू. 50 मिमीचा ठोस गोळा धरला तर स्टीलमध्ये तो पाचशे ग्रॅमच्या थोडा वर भरते, पितळेचा साडेपाचशे, अॅल्युमिनियमचा पावणेदोनशेच्या आसपास, आणि सागाचा फक्त चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. जड नॉबनं गेअर मऊ पडल्यासारखा वाटते हे खरं आहे, वजनाचा रेटा मिळते ना. पण ते छोट्या लिव्हरच्या कारमध्ये. आपल्या जुन्या डिझेल गाड्यांची लिव्हर लांब, त्यात थरथर, वर अर्धा किलो टांगला की थरथर कधी कमी होते तर कधी भलत्याच आरपीएमवर सुरू होते, आणि गिअरबॉक्स आतून घासलेला असेल तर खड्ड्यात गेअर सुटायला तेवढंच निमित्त पुरते. आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 46-47 ला जाते, बंद गाडीत त्याच्याही वर, तेव्हा स्टीलच्या नॉबला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. लाकूड तितकंच तापलं तरी हाताला उष्णता हळू देते, म्हणून चटका बसत नाही. ते विंचू नाहीतर गुलाब घातलेले पारदर्शक गोळे ट्रकवाले लावतात ते तर उन्हात उभ्या गाडीत लावूच नका, पूर्ण पारदर्शक गोळा भिंगाचं काम करते आणि ऊन एका ठिकाणी गोळा करून सीट जाळू शकते.

आता माप. जुना नॉब डावीकडे फिरवून काढा. निघत नसेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळा, आत गोंद असला तर सैल होते. फिरतच नसेल तर तो आट्यांचा नाही, नुसता दाबून बसवलेला असू शकते, मग सरळ वर ओढावा लागते, पण तोंड बाजूला ठेवून ओढा, झटक्यात निघाला की नाकाड फुटते. ज्या गाड्यांत रिव्हर्स टाकायला नॉबखालची रिंग वर उचलावी लागते, उदाहरणार्थ डस्टर, तिथं हा सगळा खटाटोप वेगळा आहे, त्या भानगडीत घरगुती नॉब नको.

आटे असले तर व्हर्निअरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीनं, लिव्हरचा बाहेरचा व्यास मिमीत घ्या. 9.8 आला तर तो 10 समजायचा, आटे नेहमी थोडे कमीच भरतात. मग दहा आट्यांची लांबी मोजा, साडेबारा मिमी आली तर पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, 1.25, पंधरा आली तर 1.5. हे पिचचं प्रकरण लोक सोडून देतात आणि मग रडतात. होंडात बहुतेक 10 बाय 1.5, म्हणजे व्यास बाय पिच, असते, टोयोटात 12 बाय 1.25, पण आपण दुसऱ्याच्या यादीवर जायचं नाही, आपल्या लिव्हरवर मोजायचं, कारण जुन्या गाडीची लिव्हर मधे कोणी बदलली का काय माहीत. हार्डवेअरच्या दुकानात साधा नट मिळते तो 8 चा असला तर पिच 1.25, 10 चा 1.5, 12 चा 1.75. बारीक आट्याचा नट पायजे असेल तर ऑटो स्पेअरवाल्याकडेच भेटते. नट बोटानं फिरवून पाहा, दोन आटे जाऊन अडकला तर पाना लावू नका, आटे गेले की लिव्हरच बदलावी लागते.

हे माप घेऊन तालुक्याच्या लेथवाल्याकडे जा, जो ट्रॅक्टरचे, मोटरपंपाचे शाफ्ट-बुश करते तोच. त्याला म्हणा पितळेचा बुश, म्हणजे लाकडाच्या आत बसणारी नळी, करून दे, बाहेरून 16-18 मिमी, लांबी 25-30 मिमी, खालच्या टोकाला छोटी कॉलर, आत तुमच्या लिव्हरचे आटे. 10 बाय 1.5 असेल तर टॅपनं आटे पाडायच्या आधी 8.5 चं भोक, 10 बाय 1.25 असेल तर 8.8 चं, हे त्याला माहीतच असते, पण सांगितलं की समजते गिऱ्हाईक कच्चं नाही. बुश बाहेरून गुळगुळीत नको, त्यावर दोन-तीन खाचा पाडायला लावा आणि नर्लिंग, म्हणजे खरखरीत जाळी, करायला लावा, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते. लाकडातच आटे पाडून देतो असं सुतार म्हणेल, ऐकू नका. आधी मस्त बसते, पण लाकडाचे आटे झिजतात आणि मग नॉब गोल गोल फिरत राहते. चिखलदऱ्याच्या घाटात नॉब हातात आला तर काय करणार बाप्पा.

लाकडाबद्दल. आलापल्ली, बल्लारशाच्या सागाचं नाव सगळीकडे आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही 2023 मध्ये बल्लारशावरूनच साग गेला, त्यामुळे साग म्हटलं की आपली छाती फुगते. साग चांगलाच आहे, कमी आकसते, किडा लवकर लागत नाही. पण साग वाळलेला पायजे. ओला साग सुकता सुकता आडवा पाच टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणजे 50 मिमीच्या नॉबमध्ये अडीच मिमी, आणि आतला पितळी बुश तर आकसत नाही, मग लाकूड जाईल कुठं, तडकते. पावसाळ्यात केलेला नॉब एप्रिलमध्ये उभा चिरतो तो याच्यामुळं, लोक म्हणतात लाकूड हलक्या प्रतीचं होतं, तसं नव्हतं, ओलं होतं. त्यामुळे नवीन फळी आणूच नका. घराच्या मागं जुनी चौकट, बंडीच्या चाकाचा आरा, वखराचं खोड, तुटलेल्या बाजेचा खूर असं काहीतरी पडलेलं असतेच, ते वर्षानुवर्षं आपल्याच हवेत सुकलेलं आहे, याच्यापेक्षा चांगलं सिझनिंग कारखान्यात होत नाही. चुंबक फिरवून आत खिळा नाही ना बघा. शिसम भेटला तर सोनंच, रंग गडद आणि वजनही थोडं जास्त. बाभूळ आणि धावडा दणकट पण कापायला हट्टी. बिजा दिसते सुंदर, पण ओलं झालं की रंग सोडते, घामाचा हात असेल तर नको. ओंडक्याचा ऐन मध्य आणि बाहेरचा पांढरा भाग दोन्ही टाळा. आणि कोणी रात्री जंगलातून आणून देतो म्हणाला तर हात जोडा, मुठीएवढ्या लाकडासाठी वनखात्याच्या चकरा कोण मारते.

कामाचा क्रम उलटा ठेवायचा. आधी चौकोनी ठोकळ्यात भोक, लाकडाच्या रेषा उभ्या, म्हणजे लिव्हरच्या दिशेनं. भोक बुशपेक्षा अगदी थोडं सैल, हातोडीनं ठोकून बसवायचा नाही. सागात तेल असते म्हणून चिकटवायच्या आधी भोक थिनरनं पुसा, नाहीतर गोंद धरत नाही. अराल्डाइट हळू सुकणारं घ्या, पाच मिनिटवालं नको, ते गरमीत लवकर नरम पडते. बुशच्या आतल्या आट्यांना आधी ग्रीस लावा, नाहीतर गोंद आत जाऊन बसते. एक दिवस सोडा, मग त्याच आट्याचा बोल्ट बुशमध्ये घट्ट करा, तो बोल्ट लेथच्या चकमध्ये पकडा आणि आता बाहेरचा आकार काढा. असं केलं की नॉब लिव्हरवर तिरपा बसूच शकत नाही, कारण आकारच त्या भोकाभोवती निघाला. लोक आधी सुंदर गोळा करतात आणि मग त्यात भोक पाडायला जातात, तिथंच खेळ बिघडते. लाटणी-पोळपाट करणारा कातारी असेल तर त्याच्याकडे मस्त होते, फक्त पोळ्याच्या तोंडावर जाऊ नका, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीच्या गर्दीत तो तुमच्याकडे बघणारही नाही. खराद, म्हणजे लाकडाची लेथ, नसेलच तर कानस आणि काचपेपर, 80 पासून 400 पर्यंत, वेळ लागते पण होते. आकार तळहातात मावेल असा, 45 ते 50 मिमी, वर थोडा चपटा.

पॉलिशमध्ये कातारी लाख लावून देईल, लाटण्यासारखी चकचकीत. दिसायला एक नंबर, पण बंद गाडीत लाख नरम पडते आणि सॅनिटायझरचा हात लागला की विरघळते. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावा, नाहीतर जवसाचं तेल. घाण्यावरचं कच्चं जवस तेल सुकायला फार दिवस घेते, पेंटच्या दुकानात उकळलेलं लिनसीड मागा, पातळ हात मारा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते पुसलेलं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप गरम होऊन पेटू शकते, आपल्या उन्हात तर जास्तच धोका. पाण्यात बुडवा नाहीतर अंगणात मोकळं पसरवून वाळवा.

बसवताना नॉबच्या खाली लिव्हरवर एक चेकनट, म्हणजे नॉब सैल होऊ नये म्हणून आवळायचा जास्तीचा नट, घाला. नॉब हव्या त्या दिशेला आणून खालून नट आवळला की सैल होत नाही, काढायचा झाला तर निघतेही. लिव्हरवर अराल्डाइट लावणाऱ्याला तर मी गाडीलाच हात लावू देणार नाही. गेअरचा नकाशा वर कोरून घ्या, तुम्हाला पाठ आहे पण उद्या शेजाऱ्यानं दवाखान्यात न्यायला गाडी नेली तर त्याला रिव्हर्स सापडला पायजे. आणि नवा नॉब सुंदर झाला म्हणून चालवताना सतत हात ठेवून बसू नका, त्या वजनानं गिअरबॉक्सच्या आतला शिफ्ट फोर्क, म्हणजे गेअर सरकवणारा काटा, घासते.

खर्च बुशवरच जास्त येईल, लाकूड घरचंच आहे. व्यास आणि दहा आट्यांची लांबी तेवढी मोजून कळवा, बुशचं माप कागदावर काढून देतो, लेथवाल्याला दाखवायला.