तिन्ही वस्तू एकाच सेलमध्ये घ्याव्यात का?

प्रश्न: फ्रिज कुरकुरतोय, मुलीला पुढच्या सत्रासाठी लॅपटॉप हवाय आणि गाडीही बदलायची आहे. मिस्टर म्हणतात, वर्षअखेरच्या सेलमध्ये तिन्ही हप्त्यांवर उचलू. मला वाटतं, जी वस्तू ज्या महिन्यात स्वस्त असते तेव्हाच ती घ्यावी, भले वर्ष लागो. कोणाचं बरोबर?

उत्तर: मिस्टरांची सेलची कल्पना वाईट नाही, हप्त्यांची आहे. तुमचा बेत गाडीला चपखल बसतो आणि फ्रिजला अजिबात नाही.

आधी हप्त्यांचं बघू, कारण सुटीतून वाचलेला पैसा तिथेच गळतो. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी दिसली की दुकानदाराला एकच विचारा: एकरकमी दिले तर किती लावाल? समजा, १०० ची वस्तू रोखीत ९० ला मिळते आणि हप्त्यांवर पूर्ण १०० ला, बारा महिन्यांत फेडायची. म्हणजे तुम्ही ९० उसने घेऊन १०० परत करताय. वरवर हे अकराएक टक्के वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, ते ९० वर्षभर तुमच्याकडे राहतच नाहीत. नीट हिशेब मांडला तर व्याज वर्षाला सुमारे २० टक्के पडतं. वर प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळंच. दोन्हीकडे भाव एकच निघाला आणि शुल्कही नसेल, तर खुशाल हप्ते घ्या. क्रेडिट कार्डावर बाकी ठेवायचा विचार मात्र सोडा. महिना ३ टक्के दराने ८० ची बाकी तशीच वाढू दिली, तर आठव्या महिन्यात ती १०० ओलांडते. २० टक्के सूट तिथेच संपली.

आता फ्रिज. भर उन्हाळ्यात तो बंद पडला, तर त्या दिवशी दुकानात जो असेल तो, सांगतील त्या भावाला घ्यावा लागेल; घासाघीस करायला तुमच्याकडे वेळच नसेल. म्हणून चालू आहे तोवरच बदलायचा. उन्हाळा तोंडावर आला की मागणी वाढते आणि सूट आटते, तेव्हा थंडीचे महिने सोयीचे. पण त्याआधी एक करून बघा. दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर दाराचं रबर सैल झालंय. गार हवा बाहेर जाते, कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि कुरकुर त्यामुळेही असू शकते. रबर बदलणं नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ काम आहे, आणि तेवढ्यावर भागलं तर सेलचा प्रश्नच मिटला.

गाडीला थांबता येतं, म्हणून कॅलेंडरचा खरा फायदा तिथे. विक्रेत्याला कंपनीकडून ठरावीक संख्येवर बोनस असतो, तो बहुधा महिन्याच्या किंवा तिमाहीच्या हिशेबाने. उद्दिष्टाला दोन-चार गाड्या कमी पडत असतील तर तो स्वतःच्या नफ्यातूनही सोडतो. उद्दिष्ट गाठलेल्या विक्रेत्याला तशी गरज नसते, म्हणून महिनाअखेरीस दोन-तीन ठिकाणी तरी भाव काढा. डिसेंबरमध्ये सूट मोठी दिसते, कारण उभी असलेली गाडी लवकरच ‘गेल्या वर्षीची’ होणार असते. पुढे विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष बघून भाव पाडतं. दहा वर्षं वापरणार असाल तर हे सोसतं. तीन-चार वर्षांत बदलण्याची सवय असेल, तर सुटीचा बराच भाग विकताना परत जातो. गाडी पाहायला गेलात की टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. टायर फार जुने निघाले तर गाडी किती काळ उभी आहे ते विचारा, बॅटरी तपासून घ्या आणि तेवढा भाव तोडा.

लॅपटॉपला मुहूर्तापेक्षा भावाची नोंद कामाची. नवं मॉडेल आलं की आधीचं उतरतं, आणि अभ्यासाच्या कामाला ते सहसा पुरतं. पण ‘४० टक्के सूट’ या पाटीवर विसंबू नका, कारण खोडलेली किंमत सेलच्या आधी फुगवलेलीही असू शकते. युरोपीय संघात याच कारणासाठी २०२२ पासून नियम आहे: सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. तुमच्याकडे असा नियम नसेल तर दोन-तीन मॉडेल आजच निवडा आणि आठवड्यातून एकदा भाव वहीत टिपा. सेलच्या दिवशी खरी सूट किती, हे ती वहीच सांगेल. फार आधी घेण्यातही अर्थ नाही, खोक्यात पडल्या पडल्या वॉरंटी संपत जाते. आणि मुलीच्या अभ्यासक्रमाला कसा लॅपटॉप लागतो हे कळल्याशिवाय बुकिंग करू नका. परत करायची मुदत बहुतेक वेळा सत्र सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते.