जी आली, तिला विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपकेंद्रात स्तनांच्या तपासणीचा दिवस ठेवलास, आशाताईंनी साठ घरी निरोप दिले, आणि आल्या अकरा. त्यावर तू लिहितेस, ‘बायकांना स्वतःच्या जिवाची किंमतच नाही.’ हे वाक्य तू लिहावंस याचं मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला.

न आलेल्या एकोणपन्नास जणींची यादी तू पाठवलीस, पुढे कारणंही लिहिलीस. खुरपणीला गेली, पाहुणे आले, लाज वाटते, दुखत नाही. त्या अकरा जणींबद्दल मात्र एक ओळ नाही. खुरपणी त्यांनाही होती, लाज त्यांनाही होतीच. मग त्या का आल्या? जी आली, तिला विचार.

हे मला कुणी शिकवलं नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मी एकतीस वर्षं नर्सबाई म्हणून फिरले. पहिली कित्येक वर्षं माझ्या रजिस्टरात ‘नकार’ असा एक रकाना होता आणि तो मी लाल पेनाने भरायचे. मग एक दिवस केळी विकणारी एक बाई आली, पन्नाशीची. आधी दोनदा तिने मला दारातूनच परत पाठवलेलं. तपासून झालं, ती पाठमोरी होऊन ब्लाउजची बटणं लावत होती. मी सहज म्हटलं, ‘मावशी, आज कशा काय आलात?’ ती तशीच पाठमोरी राहून म्हणाली, ‘मागल्या खेपेला शेजारणीला तपासताना तुम्ही म्हणालात, हात लावू का? मी भिंतीपलीकडून ऐकलं. मला असं कधी कुणी विचारलं नाही.’

त्या दिवसापासून प्रत्येकीला विचारत गेले. एकीच्या बहिणीचा स्तन काढला होता. एक आली कारण भजनी मंडळातल्या पाच जणी मिळून निघाल्या होत्या. एकीला तिच्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेल्या आशाताईने बोलावलं होतं, तिला नाही म्हणवेना. एकीची सून आधी येऊन गेली आणि घरी जाऊन म्हणाली, बाईच तपासते, पडदा आहे, पाच मिनिटांत होतं. फलक वाचून आले असं सांगणारी मला एकही भेटली नाही.

आणि एखादी बाई वेगळी असते, ती नीट ओळख. तिला गाठ आधीच लागलेली असते, कधी तीन-तीन महिन्यांपासून. घरात बोलायची सोय नसते, म्हणून ‘सगळ्याच चालल्यात’ हे निमित्त करून ती येते. तिला रांगेत ताटकळत ठेवू नकोस. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे तिला सांग, पण पुढची तपासणी त्याच आठवड्यात होईल असं बघ. नुसती चिठ्ठी हातात देऊ नकोस, सोबत कोण जाणार ते तिथेच ठरव. थेट विचारलंस तरच ती बोलेल. म्हणून म्हणते, जी आली तिला विचार.

तू लिहितेस की मशीन नाही, नुसत्या हाताच्या तपासणीवर बायकांचा विश्वास बसत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हातानेच तपासणी, तीही थोड्या शिकलेल्या, खास तयार केलेल्या बायकांकडून. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, आणि हेही बायकांना सांगायचं. आपल्या कार्यक्रमात तिशीपासून तपासतो, तेव्हा तरुण बाईला खोटा दिलासा नको. आज काही लागलं नाही, पण उद्या बदल जाणवला तर पुढच्या फेरीची वाट न बघता ये, एवढं स्पष्ट सांग.

त्या अभ्यासात बायकांना एकदा येऊन भागत नव्हतं, पुन्हा पुन्हा यावं लागत होतं. पहिल्यांदा बाई भिडेखातरही येते. दुसऱ्यांदा येते ती पहिल्या वेळी तिच्याशी कसं वागलात त्यावर. मी एक वर्ष जखमांची मोठी चित्रं दाखवून भीती घातली. आकडा वाढला, ते मी आजही नाकारत नाही. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत कड्या लागल्या.

एक गोष्ट मी फार थोड्यांना सांगितली आहे. एका बाईपुढे मी तीनदा ‘नकार’ लिहिलं. ती दर वेळी म्हणायची, ‘दुपारी या, आता नळाला पाणी आलंय.’ दुपारी मी दुसऱ्या वस्तीत असायचे. दिवसाला चाळीस घरं होती, चपला झिजायच्या, पगार लांबायचा. मी कामचुकार नव्हते, हे तुला सांगायलाच हवं. पण तिने कधी नकार दिला नव्हता. वेळ सांगितली होती. दोन वर्षांनी ती स्वतःहून आली तेव्हा छातीवर फडकं बांधलेलं होतं आणि वास दारापर्यंत येत होता. ‘मी वाट बघत होते,’ एवढंच म्हणाली. ते लाल पेन मी त्यानंतर वापरलं नाही.

तेव्हा तुझ्या यादीतलं ‘खुरपणीला गेली’ हे कारण पुन्हा वाच. तो नकार आहे की वेळ?

कमी पडलीस का, हा तुझा दुसरा प्रश्न. अकरा बायका तुझ्यापुढे पदर बाजूला करून बसल्या आणि त्यांना तू एक शब्दही विचारला नाहीस, तिथे कमी पडलीस. साठाच्या आकड्यात नाही. या आठवड्यात त्या अकरा जणींच्या घरी जा. रजिस्टर नेऊ नकोस. चहा घे, का आलात ते विचार, आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव. एकोणपन्नासांची यादी तोवर बाजूला ठेव.

तुझी,
सिस्टर