रात्री गावातल्या चौकाचे फोटो काळे नाहीतर हललेले येतात, काय करावं?

पूर्ण अंधार पडायची वाट पाहूच नका. सूर्य बुडाल्यावर साधारण 15 ते 30 मिनिटांनी आभाळ गडद निळं असतं आणि दुकानांचे दिवेही लागलेले असतात. खरा फोटो तेव्हाच मिळतो.

ट्रायपॉड नसेल तर तुरीनं अर्धी भरलेली पिशवी ओट्यावर ठेवा अन् कॅमेरा तिच्यात नीट रुतवा. दारव्ह्याच्या चौकात मी असंच करतो. आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) 100, भिंगाचं छिद्र एफ/8, शटर 8-10 सेकंद उघडं, वर 2 सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही. पांढरे एलईडी फार भगभगतात, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा एकूण उजेड, थोडं कमीच ठेवा. एसटी वळली की तिच्या मागच्या दिव्यांची लांब लाल रेघ उमटते. त्या एका रेघेसाठी तासभर थांबायची माझी तयारी असते!