एक बोली ‘शुद्ध’ आणि दुसरी ‘गावंढळ’ का वाटते?

तुमचा प्रश्न असा आहे की, अभ्यासक सर्व बोलींना सारख्याच सक्षम मानतात, तरीही ऐकताना एक शुद्ध आणि दुसरी गावंढळ का वाटते. हे वाटणे भाषेतून येते की समाजातून? माझ्या मते ते पूर्णपणे समाजातून येते. आपण उच्चाराला नावे ठेवतो आहोत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नावे ठेवली जातात ती तसा उच्चार करणाऱ्या माणसांना.

मला सर्वांत पटलेला पुरावा इंग्रजीतल्या ‘र’चा आहे. ‘कार’ किंवा ‘फोर्थ’ यांसारख्या शब्दांत स्वरानंतर येणारा ‘र’ इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात गाळतात आणि तो ठसठशीत उच्चारणारा तिथे खेडवळ ठरतो. न्यूयॉर्कमध्ये याच्या नेमके उलट : तिथे ‘र’ उच्चारणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण आणि तो गाळणे हलकेपणाचे. दोष ध्वनीतच असता, तर अटलांटिक ओलांडताच तो गुण झाला नसता.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत हे मोजून पाहिले. एक दुकान श्रीमंतांचे, दुसरे मध्यमवर्गीयांचे आणि तिसरे स्वस्त मालाचे. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असे ते विक्रेत्यांना विचारत. उत्तर येई, ‘फोर्थ फ्लोअर’. मग नीट ऐकू आले नाही असे भासवून ते पुन्हा विचारत, म्हणजे तोच माणूस तेच दोन शब्द अधिक जपून उच्चारी. त्यानंतर ते बाजूला जाऊन गुपचूप नोंद करत. अशा २६४ जणांच्या नोंदींत, निदान काही वेळा तरी ‘र’ उच्चारणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या दुकानात ६२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात सुमारे २० टक्के निघाले. हे सारे दुकानांतले नोकर होते, गिऱ्हाइके नव्हेत. म्हणजे ज्या वर्गाशी रोजचा संबंध, त्याची बोलण्याची ढब पगारदार माणसाच्या तोंडीही उतरते.

याहून मन अस्वस्थ करणारी गोष्ट कॅनडातल्या माँट्रियलची आहे, जिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलल्या जातात. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्यांकडून एकच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि आवाज एकाच माणसाचे आहेत हे न सांगता श्रोत्यांना स्वभाव ओळखायला सांगितले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बहुतेक गुणांत इंग्रजी बोलणारा ‘तो’ सरस ठरला, आणि असे मत देणाऱ्यांत स्वतः फ्रेंचभाषकही होते. ज्याला हिणवले जाते, तोही हिणवणाऱ्याच्याच कानांनी स्वतःला ऐकू लागतो. शाळेच्या निबंधात घरचा एक शब्द लिहिला म्हणून माझ्या वहीवर लाल रेघ उमटली होती. त्या दिवसापासून कितीतरी वर्षे तो शब्द मी चारचौघांत उच्चारला नाही, आणि मला त्याची लाज का वाटते, हा प्रश्नही मनात आला नाही.

याचा अर्थ प्रमाणभाषा नको, असा मी मुळीच लावत नाही. दूरदूरच्या माणसांना एकमेकांचे लिखाण विनासायास वाचता यावे, यासाठी एक ठरवलेले रूप लागतेच. मात्र ते ठरवलेले असते, उपजत श्रेष्ठ नसते. ग्रीसमध्ये दीर्घकाळ शिक्षण आणि कारभार संस्कृतप्रचुर म्हणावी तशा जुन्या वळणाच्या भाषेत चाले. १९७६ मध्ये रोजच्या बोलण्यातली ग्रीक अधिकृत झाली. जी भाषा कालपर्यंत कारभाराला अपुरी म्हणत, तिच्यातच तो चालू लागला.

प्रतिष्ठा नेहमीच जिंकते, असेही नाही. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उन्हाळी पाहुण्यांची गर्दी वाढत असताना, बेटावरच राहू इच्छिणाऱ्यांच्या बोलण्यात काही स्वरांचा जुना स्थानिक उच्चार अधिक ठळक होत चालल्याचे लबॉव्ह यांना आढळले. तिथल्या एका आईने आपल्या मुलाविषयी त्यांना सांगितले होते की, तो पूर्वी असा बोलत नसे. कॉलेजातून परतल्यावरच असा बोलू लागला, बहुधा त्याला बंदराच्या धक्क्यावरच्या माणसांसारखे व्हायचे असावे.