डेंड्रोबियमचं बी: चौथ्या दिवशी बुरशी का येते

सोलापुरात एप्रिलमध्ये डेंड्रोबियम या ऑर्किडच्या फुटलेल्या शेंगेचं बी ब्लीचने धुऊन बाटल्यांतल्या आगरच्या मीडियमवर (जेलीसारख्या घट्ट पोषक मिश्रणावर) पेरलं आणि चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्या बुरशीने भरल्या, असं तुम्ही लिहिलंय.

आधी बुरशी कुठून उगवली ते बघा. बियांच्या पुंजक्यातून निघाली तर बी निर्जंतुक झालंच नव्हतं. बियांपासून लांब ठिपके दिसले तर ती हवेतून पडली. पेरताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद हवेत. आगरच्या पोटात दिसली तर मीडियम निर्जंतुक करताना प्रेशर कुकर कमी पडला. 15 पौंड दाब पूर्ण चढल्यावर 20 मिनिटं मोजायची.

मला ब्लीचचा संशय आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या ब्लीचचा जोर उतरतो. शिवाय हे बी धुळीसारखं बारीक, भोवती हवा धरून वर तरंगतं, ओलंच होत नाही. ताजं 4 टक्क्यांचं ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. 10 मिनिटं हलवत राहा, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा.

खरं तर शेंग फुटायची वाटच बघू नका. परागीकरणानंतर साधारण साडेतीन-चार महिन्यांनी, पिवळी पडायच्या आत हिरवीच काढा. बंद शेंगेत आतलं बी निर्जंतुक असतं, बाहेरची साल तेवढी साफ करायची: साबण, वरच्याच ब्लीचमध्ये 20 मिनिटं, 70 टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट. वारा लागू नये म्हणून बंद पेटीत हात घालून पेरत असाल तर आत ज्योत लावू नका, अल्कोहोलची वाफ भडकते.

मीडियम, लिटरला: एमएस पावडर (मुराशिगे-स्कूग, रोपांच्या पोषक क्षारांचं तयार मिश्रण) निम्म्या मात्रेत म्हणजे 2.2 ग्रॅम, साखर 20 ग्रॅम, आगर 8 ग्रॅम, पीएच (आम्लता) 5.6. बोअरचं जड पाणी नको, डिस्टिल्ड घ्या. पीएच 5 च्या खाली गेला तर आगर नीट धरत नाही. साखर टाळता येत नाही. बियात अन्नसाठा जवळजवळ नसतोच, निसर्गात त्याला अन्न पुरवायचं काम सोबतची बुरशी करते. बुरशीशिवाय नुसत्या साखरेवरही भागतं हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नुडसनने 1922 मध्ये दाखवलं. त्याच साखरेवर आगंतुक बुरशीही पोसते.

बाटल्या 25 अंशांच्या आसपास ठेवा. दोनेक महिन्यांत बियांचे झालेले बारीक हिरवे गोळे पानं काढू लागले की नव्या मीडियममध्ये हलवा. त्यात लिटरला 50 ग्रॅम केळं आणि 1 ग्रॅम सक्रिय कोळसा घाला. केळ्याने पीएच उतरतो, तो पुन्हा तपासा.

पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरा, म्हणजे रोपं पुढच्या जुलैत, दमट हवेत बाहेर येतील. मेमध्ये काढलेलं रोप इथल्या कोरड्या झळांत दोन दिवसांत सुकतं. काढताना मुळांचं आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, नाहीतर उरलेल्या साखरेवर मुळाशी पुन्हा बुरशी येते.