सरांनी केबिनमध्ये बोलावलंय, मुलगा जात नाही

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इन-सेमला (सत्राच्या मधल्या परीक्षेला) एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या गणिताच्या पेपरात, 30 पैकी 7 मिळाले, हजेरी 58 टक्के. जीएफएम सरांचा (मुलांवर पालकासारखं लक्ष ठेवायला नेमलेले प्राध्यापक) घरी फोन आला. एम-वनच्या सरांनीही त्याला ‘पेपर बघायला येऊन भेट’ असा मेसेज केला. नऊ दिवस झाले तरी तो गेलेला नाही. म्हणतो, सगळ्यांसमोर लाज काढतील. ह्यांचं म्हणणं, आपणच जाऊन प्राचार्यांना भेटावं. ब्रँच चुकली का आमची? – एक आई, संगमनेर

उत्तर :

ताई, प्राचार्यांकडे तूर्त जाऊ नका. ज्या सरांनी स्वतःहून मेसेज केला त्यांना डावलून वर गेलात, तर उघडलेलं दार तुम्हीच लावून घ्याल.

डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, नोटीस बोर्डावर लागते, ती सगळ्यांसाठी असते आणि ती वाचून फारसं कुणी सुधारत नाही. इथे सरांनी एकट्याला बोलावलंय आणि पेपर दाखवायचा म्हटलंय. ओरडायचंच असतं तर वर्गात ओरडले असते. नऊ दिवस उत्तर नाही, याची मात्र त्याला आता लाज वाटत असणार आणि म्हणूनच पाय निघत नाही. त्यावर उपाय चार ओळींचा आहे. त्यानं आजच पाठवावं :

‘सर, मी एफई कॉम्प, रोल नंबर अमुक. उत्तर द्यायला उशीर झाला. फूरियर सिरीजच्या प्रश्नात माझं कुठे चुकलं ते कळत नाही. गुरुवारी साडेतीननंतर केबिनमध्ये येऊ का?’

बस. आजारपण, मेस, रूममेट यातलं काही मेसेजमध्ये नको. ते विचारलं तर समोर सांगावं.

भेटीला जाताना वही, आणि प्रश्नपत्रिकेवर स्वतः केलेल्या खुणा न्याव्यात. गेलेले 23 गुण तीन ढिगांत टाकायचे : आलंच नाही, मधेच चुकलं, वेळ पुरला नाही. ‘सर, काहीच कळत नाही’ असं म्हणत गेलेल्या मुलाला सर तरी कुठून सुरुवात करून देणार? ‘अभ्यास वाढव’ म्हणतात आणि दहा मिनिटांत भेट संपते. खुणा केलेला कागद पुढे ठेवला, की बोलणं गणितावर येतं.

एक नेहमीची चूक सांगते. फूरियर सिरीज या एम-वनमधल्या धड्यात कॉस एन पायची (cos nπ) किंमत मुलं सरसकट वजा एक टाकतात. एन विषम असेल तर ते बरोबर, पण सम असेल तर किंमत अधिक एक येते. तिथून पुढची सगळी पदं बिघडतात आणि मुलाला वाटतं, आपल्याला फूरियरच येत नाही. खोलीत बसून तेच गणित पाच वेळा सोडवलं तरी चूक सापडत नाही, कारण पाचही वेळा हात तीच किंमत टाकतो. सरांना ती दोन मिनिटांत दिसते. इन-सेमचे युनिट एंड-सेमला (सत्राच्या शेवटच्या परीक्षेला) पुन्हा येणार नसले, तरी चुकीची सवय पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्सपर्यंत सोबत जाते.

प्रश्न मराठीत विचारावा. वर्गात इंग्रजीत हात वर करायला बिचकणाऱ्या मुलाला केबिन सोयीची पडते. मात्र ‘डेरिव्हेटिव्ह’, ‘इव्हन फंक्शन’ हे शब्द इंग्रजीतच पक्के करावेत, पेपर त्याच भाषेत आहे.

निघताना सरांकडून दोनच गोष्टी घ्यायच्या : सोडवायची ठरावीक गणितं, आणि ती दाखवायचा दिवस. एकदाच जाऊन काही होत नाही. आठवड्यानं पुन्हा गेलं तरच सरांनाही कळतं की हा करतोय. ट्युटोरियलची बॅच लहान असते, मधल्या शंका तिथे विचाराव्यात. सबमिशनच्या आठवड्यात जाणं मात्र वाया, तेव्हा दारात फाइलवर सही घ्यायला रांग लागलेली असते.

आता हजेरी, कारण खरी घाई तिथे आहे. समजा आतापर्यंत 50 तास झाले, त्यांतले 29 त्यानं केले आणि 25 उरलेत. उरलेला एकही चुकवला नाही तरी 75 पैकी 54, म्हणजे 72 टक्के. अट बहुतेक 75 ची असते. त्यामुळे ‘उद्यापासून नियमित जाईन’ एवढ्यानं भागणार नाही. खरा आकडा घेऊन जीएफएमना याच आठवड्यात भेटावं : कुठली प्रॅक्टिकल्स भरून काढता येतील, जादा असाइनमेंट चालेल का, खरंच आजारी होता तर सर्टिफिकेट कधीपर्यंत द्यायचं. हेच टर्म संपताना विचारलं तर सरांच्या हातात काही उरत नाही. पासिंगचंही तिथेच विचारावं. एकूण 40 लागत असतील तर त्याला एंड-सेमला 70 पैकी 33 हवेत, पण एंड-सेमला वेगळी किमान अट आहे का, हे त्याला लागू असलेल्या अभ्यासक्रमाच्या पॅटर्नप्रमाणे पाहावं लागेल.

जीएफएमना तुम्हीही एक फोन करा. मुलाची बाजू मांडायला नको, फक्त विचारा : गैरहजेरी कधीपासून सुरू झाली, सगळ्या विषयांत की सकाळच्याच तासांना? सकाळचेच तास बुडत असतील तर झोपेचा किंवा प्रवासाचा प्रश्न असेल. प्रॅक्टिकललाही जात नसेल, जेवण तुटलं असेल, फोनवर बोलेनासा झाला असेल, तर गणित बाजूला ठेवा, जाऊन त्याला भेटा आणि कॉलेजच्या समुपदेशकांशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

ब्रँचचं म्हणाल, तर एम-वन सगळ्याच ब्रँचना असतो, तो अडला म्हणून कॉम्प्युटर चुकलं असं ठरत नाही. प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये त्याचं कसं चाललंय, हे जीएफएमना विचारा आणि हा विषय एंड-सेमच्या निकालापर्यंत घरात काढू नका.

गुरुवारी रात्री फोन केलात तर सर काय म्हणाले, रागावले का, असं खोदून विचारू नका. पुढची भेट कुठल्या दिवशी ठरली, एवढंच विचारा.